सुलू, लायसन आलं

कासारवडवली, ठाणे
रविवार, रात्री

प्रिय सुलू,

हत्याराचं लायसन आलं. घरात सगळ्यांना सांगून झालं. वन्संनी देवापुढे साखर ठेवली, भाऊजी म्हणाले, ओंकारच्या हळदीला एक बार काढू या! मी तिथल्या तिथे सांगितलं, २०१९ पासून अशा बारासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही आहे, आणि कायदा नसता तरी मी काढू दिला नसता. तेव्हापासून ते माझ्याशी मोजकंच बोलतात. तुला लिहायला बसले, कारण एनसीसीत पॉइंट टूटू रायफलीला गाल लावून मातीत उपड्या पडलेल्या आपण दोघीच.

माझी तब्येत बरी. शुगर गोळ्यांवर आहे, गुडघा आहे तसाच.

हे गेल्यापासून जांभळी नाक्याचं दागिन्यांचं दुकान मीच बंद करते, हे तुला ठाऊक आहे. दिवाळीआधी कापूरबावडीला दोघं बाईकवरून माझ्या रिक्षामागे लागले, पार मानपाड्यापर्यंत. मेट्रोच्या कामामुळे रस्ता अरुंद, रिक्षावाला बिचारा घाबरलेला. काही झालं नाही. पण दुसऱ्याच दिवशी मी अर्जाचं काढलं. पोलिसांची चौकशी झाली, शरीर आणि मन ठणठणीत असल्याचं डॉक्टरांचं पत्र झालं, हत्यार चालवायचं प्रशिक्षण झालं. प्रशिक्षण देणाऱ्यांनी विचारलं, बाई, आधी कधी धरलंय का? मी म्हटलं, एनसीसी. तुझं नाव घेतलं नाही, कारण मग कॅम्पच्या निवडीचं सगळं सांगावं लागलं असतं. तुझी ती शेवटची गोळी रेषेच्या बाहेरच होती सुलू, मी आजही तेच म्हणेन.

आता घ्यायचं काय? मुंबईच्या दुकानात जाऊन आले. नऊ एमएम गोळीचं हत्यार आपल्यासारख्यांना मिळत नाही, म्हणजे बत्तीस बोअरचंच. परदेशी माल ऐंशीच्या दशकापासून यायचा बंद झालाय, त्यामुळे जुनी वेब्ली, ते इंग्रजी रिव्हॉल्व्हर, कुणी विकायला काढली की किंमत काही लाखांच्या खाली येत नाही. भाऊजींना तीच हवी, ‘नाव’ आहे म्हणून. मला नको. पन्नास-साठ वर्षांची स्प्रिंग, सुटे भाग मिळायची मारामार, आधी ती कुणी कशी वापरली देव जाणे. पहिलं हत्यार नवंच घ्यावं, आणि ज्याची दुरुस्ती देशात होते तेच घ्यावं.

मग उरतं आपलं ऑर्डनन्सचं, म्हणजे सरकारी कारखान्याचं. कानपूरचं रिव्हॉल्व्हर वेब्लीच्याच घडणीवर बेतलेलं, मधोमध मोडून उघडायचं. २०१४ मध्ये आलेलं ‘निर्भीक’ वजनाला हलकं, अर्ध्या किलोच्या आसपास, बायकांसाठी म्हणून गाजवलेलं, तेव्हाच सव्वा लाखाच्या घरात होतं. २०२३ मध्ये ‘प्रबल’ आलं, त्याचं सिलिंडर बाजूला उघडतं. शिवाय ‘अशनी’ पिस्तूल. दुकानदार पिस्तुलाच्या मागे होता. चपटं आहे, पर्समध्ये दिसत नाही, गोळ्या जास्त. मी स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढून पाहिली. मनगटात जीव राहिला नाही गं, अर्ध्यावरच थांबली. आणि दुसरं म्हणजे गोळ्यांचं मॅगझिन काढलं तरी एक गोळी नळीत राहू शकते. रिकामं समजून हाताळलेलं पिस्तूल किती घरांत सुटलंय! रिव्हॉल्व्हर उघडलं की सहाही भोकं डोळ्यांसमोर, गोळी आहे की नाही यात वाद नाही. गोळी फुसकी निघाली तर पुन्हा चाप दाबायचा, पुढची येते. पिस्तुलात तेव्हा स्लाइड ओढत बसायचं. चाप मात्र जड आहे. नुसता दाबला तर नळी डावीकडे जाते, आधी अंगठ्याने घोडा चढवला तर लोण्यासारखा सुटतो. पण घाबरलेल्या हाताने घोडा चढवलेलं हत्यार धरणं म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. आणि अगदी हलकं हत्यार सुटताना हाताला जास्त झटका देतं, म्हणून पाच-सातशे ग्रॅममध्ये मी थोड्या जडाकडे झुकतेय. साधं, लाखभराचं, ऑर्डनन्सचं रिव्हॉल्व्हर. इथपर्यंत माझं ठरलंय.

झोप उडालीय ती अप्पांमुळे.

अप्पांची मुरबाडच्या शेतावरची बाराबोअर तुला आठवत असेल, डुकरं यायची म्हणून ठेवलेली. ती कधीच जमा केली. पण अप्पा हल्ली रात्री दोनला उठतात, कपाटं उघडतात आणि मला विचारतात, “सूनबाई, बंदूक कुठे ठेवलीस? डुकरं आलीत.” परवा त्यांनी माझी पर्स उलटी करून गादीवर ओतली. चष्मा, किल्ल्या, पावत्या एकेक उचलून बघत होते. मी दारात उभी होते आणि माझ्या डोळ्यांसमोर फक्त त्या पर्समध्ये पुढे काय असणार तेवढंच होतं.

कुलपात ठेवीन म्हणशील. ठेवणारच, तसं लिहूनही दिलंय. गोळ्या वेगळ्या, हत्यार वेगळं. पण अप्पांनी चाळीस वर्षं कुलपंच दुरुस्त केलीत, सुलू! दुकानातल्या तिजोरीत ठेवावं तर भीती रस्त्यावरची आहे, दुकानातली नाही. आणि रस्त्यावरही, मागून बाईक आली तर पर्सची चेन उघडून ते हातात येईपर्यंत काय व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. नंदू म्हणतो, काकू, दागिने रात्री घरी नेऊच नका, रिकाम्या हाताने जा. पोरगं बरोबर बोलतंय असं मला दिवसेंदिवस वाटायला लागलंय. पण रिकाम्या हाताने जाणारी बाई रिकाम्या हाताने चाललीय, हे बाईकवाल्यांना कोण सांगणार? विकत घ्यायला मुदत आहे, ती उलटायच्या आत ठरवायला हवं. निवडणूक लागली की हत्यार पोलीस ठाण्यात जमा करा, पुन्हा आणा, ते वेगळंच.

मीनूचं बाळंतपण नीट झालं ना? बाळाचं नाव काय ठेवलं? तुझ्या पेन्शनचे कागद पुढे सरकले का? सरकले नसतील तर एकदा स्वतः जा, जावयावर सोडू नकोस.

आता मुद्द्याचं. काकांचं असंच झालं होतं तेव्हा तुम्ही ट्रॅक्टरच्या किल्ल्या आणि फवारणीची औषधं कुठे ठेवायचात? ते शोधत राहिले की विसरून गेले? आणि त्यांना खरं सांगायचात, की वेळ मारून न्यायचात? नीट आठवून लिही, वहिनीलाही विचार. तुझं उत्तर येईपर्यंत मी पैसे भरत नाही.

सोमवारी दुकान बंद असतं, दुपारी फोन केलास तरी चालेल. तेव्हा अप्पा झोपलेले असतात.

तुझी,
विजू