भर उन्हात गाडी दाखवणाऱ्या कारागिरास

सप्रेम नमस्कार,

वडिलांनी 1986 साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी तुमच्या शेडमधून पॉलिश करून घरी आणून पंधरा दिवस झाले, तरी सकाळी पडवीत आलो की नजर आधी तिच्याकडेच जाते. शेडमध्ये निघताना मला नीट बोलता आले नाही, म्हणून हे जाहीर पत्र.

रत्नागिरीचा खारा वारा, जांभ्याची तांबडी धूळ आणि कलमाखाली काढलेली इतकी वर्षे यांमुळे तिचा गर्द निळा रंग पिठूळ झाला होता. तुमच्याआधी मी ती शहरातील एका झगमगीत दुकानात दिली होती. त्यांनी भरपूर पैसे घेतले आणि संध्याकाळी, ट्यूबलाइटच्या उजेडात, आरशासारखी चकाकणारी गाडी माझ्या ताब्यात दिली. पावसाच्या चार सरी पडल्या आणि ओरखड्यांत भरलेले तेलकट द्रव्य धुऊन गेले. मग उन्हात पाहतो तर बॉनेटभर मशीनच्या गोल गोल खुणा, आणि उजव्या कडेला रंग जळून विरलेला. तक्रार केल्यावर, जुन्या गाडीकडून आणखी काय अपेक्षा ठेवता, असे मलाच विचारण्यात आले.

तुम्ही मात्र हातातील घड्याळ आणि अंगठी काढून ठेवलीत, आणि मशीन लावण्यापूर्वी जागोजागी रंगाची जाडी मोजलीत. डिकीच्या झाकणावर 130 मायक्रॉन, बॉनेटच्या त्या कडेला जेमतेम 50. पॅड निळे झालेले पाहून माझ्या पोटात गोळा आला, तेव्हा या गाडीच्या रंगावर पारदर्शक थर नाही, म्हणून पॉलिश करताना रंगच पॅडला लागतो, हे तुम्ही न चिडता समजावून सांगितलेत. (अखेरीस लावलेले मेण ब्राझीलमधील एका झावळ्यांच्या झाडाचे आहे, हेही तुमच्याकडूनच कळले, माडांच्या गावात राहून मला त्याची मोठी मौज वाटली.)

पण माझ्या मनात घर करून राहिली आहे ती चौथ्या दिवसाची दुपार. काम संपले होते आणि शेडमध्ये गाडी निर्दोष दिसत होती. मी पैसे काढत असताना तुम्ही मला थांबवलेत, गाडी स्वतः ढकलून बाराच्या उन्हात नेलीत, आणि बॉनेटच्या उजव्या कडेवर बोट ठेवून म्हणालात, "काका, हा ओरखडा मी काढलेला नाही. आणखी घासले तर पत्रा दिसेल." त्या बोटभर जागेपायी तुम्ही मजुरीतूनही काही रक्कम कमी केलीत. तुम्ही बोट ठेवले नसते, तर तो ओरखडा माझ्या म्हाताऱ्या डोळ्यांना कधीच दिसला नसता.

आमच्या आजोळी एक सुतार होते, ते फणसाच्या फळीतील गाठ गिऱ्हाइकाला आधी दाखवीत आणि मगच दार घडवायला घेत. अशी माणसे त्यांच्याबरोबरच संपली, असे मी घरात अनेकदा बोलून दाखवले आहे. ते विधान आता मागे घेतो.

गेल्या रविवारी जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात पद्मिनीभोवती बरीच गर्दी जमली होती. एक जाणकार गृहस्थ वाकून रंग न्याहाळू लागले, तेव्हा त्यांना तो ओरखडा मीच आधी दाखवला आणि तो का ठेवला आहे, तेही सांगितले. त्यांनी तुमचा पत्ता लिहून घेतला आहे.

गणपतीला सहकुटुंब घरी यावे. गाडी अंगणात, उन्हातच उभी असेल.

आपला,
पद्मिनीवाले काका