तक्रार : ‘तबकडीला हात लावू नये’ असं लेखी सांगूनही बदललेलं घड्याळ

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा व दुरुस्ती विभाग

विषय : न सांगितलेली कामं करून जुन्या डायव्ह घड्याळाचं केलेलं नुकसान, आणि न बदललेल्या गॅस्केटचं (पाणी अडवणाऱ्या रिंगांचं) लावलेलं बिल.

महोदय/महोदया,

आपल्याकडून सर्व्हिस होऊन आलेलं माझं घड्याळ डब्यातून काढलं तेव्हा पहिली शंका आली ती पार्सल बदललं की काय, ही. मागच्या झाकणावरचा क्रमांक भिंगाखाली धरून जुळवला. तोही आता पुसट झालाय, कारण झाकणसुद्धा बफवर, म्हणजे पॉलिशच्या चाकावर, धरलेलं दिसतं. क्रमांक जुळला. घड्याळ माझंच आहे, फक्त ओळखू येत नाही.

हे घड्याळ फार नामांकित नाही. 1953 मध्ये ब्लाँपँचं ‘फिफ्टी फॅदम्स’ आलं, त्याच सुमारास रोलेक्सचं ‘सबमरीनर’ आलं, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत अनेक लहान स्विस कंपन्यांनी त्याच वाटेवर आपापली पाणबुड्यांची घड्याळं काढली. त्यातल्याच एका कंपनीचं हे, साठच्या दशकाच्या अखेरचं. साधी घड्याळं मी घरी टेबलावर स्वतः उघडतो, साफ करतो, पुन्हा जोडतो. याचे काटे आणि तबकडी जशीच्या तशी टिकलेली होती म्हणून मी हात आखडता घेतला आणि जाणकारांकडे दिलं. त्याचं हे फळ.

आपल्याच फॉर्मवर मी चार कामं लिहिली होती : यंत्र उघडून साफ करून तेलपाणी, सर्व गॅस्केट नवी, काचेवरचे ओरखडे काढणं आणि हवेच्या दाबाची चाचणी. खाली रेघ मारून लिहिलं होतं, ‘तबकडी, काटे, बेझल व केस यांना हात लावू नये.’ (बेझल म्हणजे काचेभोवतीचं कडं, केस म्हणजे घड्याळाची बाहेरची पोलादी पेटी.) त्याखाली आपल्या प्रतिनिधीची सही आहे. प्रत सोबत जोडली आहे.

यंत्राचं काम उत्तम झालंय, हे आधी कबूल करतो. दिवसाला चार-पाच सेकंद पुढे जातं, या वयाच्या यंत्राकडून मी याहून जास्त मागणार नाही. ज्यांनी ते केलं त्यांना माझा नमस्कार कळवा. बाकीचं कुणी केलं, ते मात्र शोधा.

तबकडीवरचे ठिपके जुन्या लूमचे, म्हणजे अंधारात चमकणाऱ्या लेपाचे होते, पिकून मधाच्या रंगाचे झालेले. सातच्या ठिपक्याला बारीकशी खोच होती आणि सेकंदकाट्यावरचा ठिपका बाकीच्यांपेक्षा अंमळ गडद होता. ते सगळं खरवडून आपण हिरवट-पांढरं नवं लूम भरलंत. सहाच्या खाली मात्र ‘टी स्विस टी’ ही अक्षरं तशीच आहेत. तबकडीवर ट्रिटियम (लूम चमकवणारा किरणोत्सारी पदार्थ) आहे, असं ती अक्षरं सांगतात, आणि आता तिथे ट्रिटियमचा कण नाही. उद्या हे घड्याळ दुसऱ्या संग्राहकाच्या हातात गेलं तर त्याची तबकडी त्याच्याशी उघड खोटं बोलेल. शिवाय डावीकडच्या ‘टी’च्या कडेवर नव्या लूमचा ओघळ चढलाय. दहापट भिंगातून स्पष्ट दिसतो.

फोनवर मला उत्तर मिळालं, ‘जुनं लूम किरणोत्सारी असतं, सुरक्षेसाठी काढावं लागतं.’ त्याहून जुन्या घड्याळांतलं रेडियम असतं तर मी वाद घातला नसता. त्याचा अर्धायुकाळ, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, 1600 वर्षांचा. ट्रिटियमचा सव्वाबारा वर्षांच्या आसपास. माझ्या घड्याळात असे चार अर्धायुकाळ कधीच उलटून गेलेत, म्हणजे मूळच्या सोळाव्या भागाइतकंही उरलं नव्हतं, आणि त्याचे दुबळे बीटा किरण काचेतून बाहेर येत नाहीत. धोका वाटलाच होता तर खरवडण्याआधी एक फोन करायचा. नंतर सांगण्यात काय अर्थ?

बेझलमधली चकती उन्हाने काळ्याची राखाडी झाली होती. तिच्या जागी कोळशासारखी काळी नवी चकती आहे, जिच्यावरच्या आकड्यांची घडणसुद्धा वेगळी. लग्जच्या (पट्टा अडकवायच्या शिंगांच्या) वरच्या कडेला कारखान्यातून आलेली धारदार तिरपी पट्टी होती. बफ मारून ती गेली, कोपरे साबणाच्या वडीसारखे गोल झाले. चकती निदान परत बसवता येईल. झिजवलेलं पोलाद कुठून आणणार?

आता गॅस्केट. बिलात ‘सर्व गॅस्केट बदलले’ आणि कार्डावर ‘200 मीटर, चाचणी उत्तीर्ण’ असा शिक्का. चाचणी किती बारला (दाबाच्या एककाला) केली याचा आकडा नाही. आयएसओ 6425 या डायव्ह घड्याळांच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे नोंदल्या खोलीच्या सव्वापट दाब लावावा लागतो, म्हणजे इथे 25 बार. एवढ्या जुन्या केसला मी तेवढा दाब लावायला सांगितलंच नव्हतं. मी घरीच त्याच मानकातली थेंबाची चाचणी केली : घड्याळ 40 ते 45 अंशांवर गरम केलं, काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवला, मिनिटभराने पुसला. काचेच्या आतल्या बाजूला वाफेचा डाग उमटला. मग मागचं झाकण उघडलं. (यामुळे वॉरंटी गेली, असं म्हणणार असाल तर खुशाल म्हणा.) आत जुनीच रिंग : चपटी, कडक, वाकवली की भेगा दिसणारी. फोटो जोडले आहेत.

तेव्हा माझ्या मागण्या अशा. गॅस्केटचे, चाचणीचे आणि मी नको म्हटलेल्या प्रत्येक कामाचे पैसे परत मिळावेत. यंत्राच्या कामाचे राहू द्या, ते तुम्ही कमावलेत. केसच्या नुकसानीबद्दल काय करणार ते लेखी कळवा. माझी मूळ चकती परत पाठवा. काटेही मला नवे वाटतात, कारण मिनिटकाटा पूर्वीपेक्षा किंचित आखूड आहे आणि मिनिटांच्या रेघांपर्यंत पोचत नाही. तसं असेल तर मूळ काटेही तुमच्याकडेच असणार. तबकडी आता तुमच्याकडे पाठवणार नाही, तिचं काय करायचं ते मी पाहीन.

पंधरा दिवसांत उत्तर अपेक्षित आहे. आणि चकती व काटे कागदाच्या पुडीत घालून पाठवताना कृपया ते पुसू नका.

आपला,
(सही)

सोबत : फॉर्मची प्रत, बिल, चाचणी कार्ड, आधीचे व नंतरचे फोटो