चुकलेल्या केसेसची बैठक

संपादक महोदय,

‘डॉक्टर, तुम्ही नुसते एमबीबीएस ना?’ तीस वर्षांच्या प्रॅक्टिसनंतरही हे ऐकावे लागते. २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात एमडी फॅमिली मेडिसिनला, म्हणजे फॅमिली डॉक्टरांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला, चालना द्यायचे म्हटले आहे. जागा मात्र अजूनही मोजक्याच.

आम्ही पाच-सहा डॉक्टर महिन्यातल्या एका रविवारी आपापल्या चुकलेल्या केसेस घेऊन बसतो. मागच्या खेपेला एका आजींचा ईसीजी टेबलावर होता. मी ॲसिडिटी समजून गोळ्या दिल्या होत्या, निघाला हार्ट अटॅक. (आजी सुखरूप आहेत.) चहा गार झाला तरी कुणी उठले नाही. डॉक्टरांना नोंदणी टिकवायला वैद्यक परिषदेचे जे क्रेडिट पॉइंट लागतात, ते या बैठकीला नाहीत, हॉटेलातल्या कॉन्फरन्सला आहेत. वैद्यक परिषदेने अशा गटांची नोंद घ्यावी, आणि इंटर्नना महिनाभर आमच्या दवाखान्यात बसवावे.

– एक फॅमिली डॉक्टर, मिरज