समुद्रातील बांधकामाला साधे सिमेंट नको

महोदय,

बंदरांचे धक्के आणि समुद्रातील पुलांचे खांब बांधताना आजही अनेक ठिकाणी साधे पोर्टलंड सिमेंट वापरले जाते, ही खेदाची बाब आहे. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातला जुना खांब जवळून पाहिला, तर तांबूस ओघळ, उभ्या भेगा आणि काँक्रीट गळून उघडी पडलेली गंजकी सळई दिसते. खाऱ्या पाण्यातील क्लोराइड काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून सळईपर्यंत झिरपल्याचा हा परिणाम असतो. शिवाय हे सिमेंट सुमारे १४५० अंश सेल्सिअसच्या भट्टीत तयार होते आणि जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंट उद्योगाचा वाटा सुमारे ७ ते ८ टक्के आहे.

लोखंड कारखान्यांच्या झोतभट्टीतील मळी (स्लॅग, म्हणजे लोखंड वितळवून काढल्यावर उरणारा अवशेष) बारीक दळून निम्म्याहून अधिक सिमेंटच्या जागी वापरता येते. तिच्यामुळे छिद्रे बारीक होतात आणि क्लोराइडचा शिरकाव मंदावतो. भाजलेली चिकणमाती आणि चुनखडीची भुकटी यांचे मिश्रणही असेच उपयोगी पडते. ज्वालामुखीची राख आणि चुना वापरून रोमन लोकांनी बांधलेले काही धक्के सुमारे २००० वर्षांनंतरही टिकून आहेत (अर्थात त्यांत पोलादी सळई नव्हती, हे विसरता कामा नये).

मळीचे काँक्रीट मजबुती सावकाश धरते आणि त्याला पाणीही अधिक दिवस मारावे लागते. त्यामुळे काँक्रीट ओतल्यानंतर केवळ २८ दिवसांनी मोजलेली मजबुती पाहणाऱ्या निविदांत ते मागे पडते. सागरी कामांच्या निविदांत ५६ किंवा ९० दिवसांची मजबुती ग्राह्य धरावी आणि क्लोराइडरोधाची चाचणी सक्तीची करावी, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

– एक वाचक