सकाळी सहाला गाडी सोडायची की नाही

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी डेपोत पिटमध्ये, म्हणजे गाडीखालच्या खड्ड्यात, होतो आणि वर इंजिन चालू होतं. निम्मंच ऐकू आलं. रात्री आईनं नीट सांगितलं. बसच्या ड्रायव्हरनं दोषाच्या कार्डावर लिहिलेलं, 'ब्रेक मारला की गाडी डावीकडं ओढते.' सकाळची पहिली फेरी. तुमच्या डेपोतल्या वरच्या माणसानं आवारात एक चक्कर मारली आणि म्हणाला, काय होत नाही, सोड. तू अडून बसलीस, फेरी रद्द झाली आणि सगळ्यांदेखत तुला बोलणी खावी लागली.

अडलीस ते बरोबरच केलंस. आवारातल्या चकरेत असला दोष कळत नसतो. गाडी रिकामी, फरशी कोरडी आणि वेग बैलगाडीचा. त्यात काय ओढणार? आणि एक ध्यानात ठेव. डावीकडं ओढते म्हटलं की नवी पोरं डावंच चाक उघडत बसतात. आधी उजवं बघायचं. लायनरवर, म्हणजे ड्रमला घासून चाक धरणाऱ्या पट्टीवर, तेल-ग्रीस उतरलेलं असतं, नाहीतर ब्रेकचा ॲडजस्टर आखडलेला असतो. ते चाक धरतच नाही, म्हणून गाडी धरणाऱ्या बाजूला वळते. कधी डावं चाकच जास्त धरतं, नाही असं नाही, पण माझ्या हातात बहुतेकदा उजवीकडंच सापडलंय. तुमच्याकडं ड्रमच्या जागी डिस्क असली तरी विचार हाच.

आता दुसरी बाजू ऐक, राग येईल तुला. त्या वरच्या माणसाला मी सरसकट वाईट म्हणणार नाही. शहरात एक बस चुकली तर माणूस रिक्षा करतो. कोल्हापुरात तर घरटी टू-व्हीलर आहे. पण राधानगरी, भुदरगड, गगनबावड्याकडच्या वाड्यांत सकाळची गाडी म्हणजे रात्री मुक्कामाला गेलेली ती एकच. ती निघाली नाही की कॉलेजच्या पोरींचा दिवस गेला, कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, सीपीआरला, दाखवायला निघालेली म्हातारी फाट्यावरून माघारी घरात. ७५ वर्षांवरच्यांना २०२२ पासून प्रवास फुकट झाला, २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट झालं. बाजारला, माहेराला, दवाखान्याला जायला कुणाच्या मागं मोटरसायकलवर बसायची वाट बघायला नको झाली. पण सवलत तिकिटावर मिळते, आणि तिकीट गाडी आली तरच फाडतात. गाडी आठवड्यात दोनदा आली नाही की घरातला बाप्या म्हणतो, राहू दे ते कॉलेज. पोरगी घरात बसली याची नोंद कुठल्याच रजिस्टरला होत नाही.

म्हणजे सोडली तर जीव टांगणीला आणि थांबवली तर हे असं. मला विचारशील तर, सकाळी सहाला हा निवाडा करायची पाळी आली तिथंच काम हुकलेलं असतं. ते आदल्या रात्री करायचं असतं. आमचे मोठे मेस्त्री गाडी आत शिरली की दारापाशी जाऊन उभे राहायचे. ड्रायव्हर दमलेला असतो, कार्डावर दोन शब्द लिहून घरला पळतो. तोंडानं मात्र दहा सांगतो. कुठं ओढली? उताराला का सपाटीला? पहिल्यापासून का गाडी तापल्यावर? एवढं कळलं की निम्मं काम चाक उघडायच्या आधीच झालं. तूबी हेच कर. पोरगी विचारतेय म्हणून पहिल्यांदा हसतील, मग आपणहून सांगायला येतील.

घाटाच्या गाडीला तर हे विचारल्याशिवाय हात लावू नये. गाडीचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, म्हणून लोकांना वाटतं हवा संपली की ब्रेक गेला. खरं तर टाकीतली हवा उतरली की मागच्या चाकांचा स्प्रिंगब्रेक आपसूक बसतो, गाडी जागेवर उभी राहते. भीती वेगळीच आहे. गगनबावड्याहून करूळ घाटानं वैभववाडीला उतरताना ड्रायव्हर खालच्या गिअरला न टाकता ब्रेकवरच बसला, तर लायनर तापतं आणि धरायचं सोडतं. काटा पूर्ण हवा दाखवतो, पेडल पायाखाली आहे, आणि गाडी थांबत नाही. असं तापून गेलेलं लायनर उघडल्यावर वरून चकाकतं, बोट फिरवलं तर गुळगुळीत लागतं, जळका वास जात नाही. जाडी शिल्लक आहे म्हणून ते परत बसवणारे आहेत. मी बसवत नाही.

पावसाळ्यात हवेच्या टाक्यांत साठलेलं पाणी रोज काढायचं, हेही आळस न करता. आणि पुरातून आलेली गाडी नुसती धुऊन मार्गावर पाठवायची नाही. २०१९ ला पंचगंगा शिरोलीजवळ हायवेवर आलेली तुला आठवत असेल. तेवढ्या पाण्यातून गेलेल्या गाडीचा क्राऊन, म्हणजे मागच्या ॲक्सलमधला गिअर, उघडला तर ऑइल दुधाळ निघतं, चाकाच्या हबातलं ग्रीस वाहून गेलेलं असतं. वरून काही दिसत नाही. महिन्यानं बेअरिंग ओरडायला लागतं.

तुमच्या विजेच्या गाड्यांचं मी जेवढं ऐकलंय त्यात एक गोष्ट मनात राहिली. पाय उचलला की मोटरच गाडीला मागं ओढते, बॅटरी भरते आणि लायनर कमी झिजतं. झकास. पण बॅटरी आधीच पूर्ण भरलेली असेल तर ती वीज घ्यायला जागाच नसते, मग सगळा भार साध्या ब्रेकवर. म्हणजे घाटमाथ्यावर चार्जिंग करून लगेच उताराला लागणारी गाडी असेल तर तिथं काय करतात, हे तुमच्या साहेबांना विचार. मला खरंच जाणून घ्यायचंय.

१ जून १९४८ ला एसटीची पहिली गाडी नगर-पुणे धावली, आणि २०२२ ला त्याच तारखेला त्याच रस्त्यावर विजेची शिवाई सोडली. म्हणजे हे आमच्याकडंही येणार, मी रिटायर व्हायच्या आत येणार. आमचं सगळं शिक्षण कानानं झालंय, आणि ह्या गाड्या आवाजच करत नाहीत. तवा तू हातमोजे घातल्याबिगर आणि सप्लाय तोडल्याची स्वतः खात्री केल्याबिगर जास्त दाबाच्या विजेच्या नारंगी केबलीला हात लावू नकोस, आणि नीट शिकून ये. आमच्या डेपोत पहिली गाडी आली की मी बॉनेट उघडायच्या आधी तुला फोन लावणार आहे. पिटमधून लावला तरी उचल.

तुझे,
पप्पा