संगणकातल्या ठेव्याची एक प्रत घराबाहेर हवी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बडोद्यातील मराठी घरांमध्ये गेल्या काही वर्षांत एक मोलाचे काम झाले आहे. गायकवाडी अमलातले नेमणुकीचे हुकूम, मोडी पत्रे, वंशावळी, मुंजी-लग्नांचे अल्बम आणि व्हिडिओ कॅसेटी असा बराच ऐवज कुणी ना कुणी, बहुधा घरातल्या निवृत्त माणसाने, चिकाटीने संगणकात भरून ठेवला आहे. पण एकदा संगणकात गेले की सारे सुरक्षित झाले, अशा समजुतीने पुष्कळदा मूळ कागद भावंडांत वाटले जातात, कॅसेटी रद्दीत जातात आणि घराण्याचा ठेवा एकाच हार्ड डिस्कवर उरतो. त्या डिस्कची दुसरी प्रत कुठे आहे, असे विचारले तर फार थोड्या घरांतून उत्तर मिळते.

हार्ड डिस्क हे झिजणारे यंत्र आहे. तिच्यातील तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात आणि वाचणारा शीर्षभाग तबकडीपासून केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी अंतरावर तरंगत असतो. ती बिघडण्यापूर्वी काहीतरी इशारा देईल, या भरवशावर राहू नये. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा निकामी झालेल्या डिस्कांपैकी एक तृतीयांशाहून अधिक डिस्कांच्या अंतर्गत नोंदींमध्ये बिघाडाचे कोणतेही ठळक चिन्ह आढळले नव्हते. एसएसडी या नव्या प्रकारच्या, चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये फिरणारे भाग नसतात हे खरे, परंतु ती बंद पडते तेव्हा अनेकदा आवाजही न करता एकाएकी बंद पडते. शिवाय वीजपुरवठ्याविना वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिल्यास तिच्यावरील माहिती पुसट होऊ शकते, म्हणून जपणुकीच्या प्रतीसाठी तिच्यावर विसंबणे मला योग्य वाटत नाही.

आपल्या शहराच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी घराघरांत शिरले, तेव्हा आमच्या परिचयातील एका कुटुंबाचा संगणक टेबलाखाली होता आणि बॅकअपची, म्हणजे जादा प्रतीची, डिस्क त्याच टेबलाच्या खालच्या खणात, कापडी पिशवीत नीट बांधून ठेवलेली होती. पाणी ओसरल्यावर दोन्ही गाळातूनच बाहेर निघाली. त्या गृहस्थांनी बॅकअप नियमितपणे घेतला होता. त्यांच्याकडून हयगय झालेली नव्हती. दोन्ही प्रती एकाच छताखाली होत्या, एवढेच कमी पडले. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतील एक घराबाहेर, हा जाणकारांचा नियम आपल्याकडे अक्षरशः पाळला पाहिजे. पुण्या-मुंबईला बहीण किंवा मुलगा असेल, तर एक डिस्क त्यांच्याकडे ठेवावी आणि दिवाळीला भेट होईल तेव्हा ती ताज्या प्रतीशी बदलून घ्यावी. खर्च एका जादा डिस्कचा येतो. बिघडलेल्या डिस्कमधून माहिती काढून देणारे त्याच्या कितीतरी पट पैसे घेतात आणि तरीही यशाची खात्री देत नाहीत.

फोटो आपोआप इंटरनेटवर चढतात, मग वेगळा बॅकअप कशाला, असे तरुण मंडळी विचारतात. अशी सोय जरूर वापरावी, मात्र तिची मर्यादा ओळखावी. दोन्हीकडे एकसारखेच ठेवणाऱ्या सेवेत संगणकावरून चुकून पुसलेला फोटो तिकडूनही पुसला जातो आणि ठराविक मुदत उलटली की परत मिळत नाही. बाहेरची डिस्कही सदैव संगणकाला जोडून ठेवू नये. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय या, संगणकातील फाइली कुलूपबंद करून पैसे मागणाऱ्या प्रोग्रामने जगभर धुमाकूळ घातला. तशा खंडणीखोर प्रोग्रामच्या तावडीतून जोडलेली डिस्कही सुटत नाही. प्रत घेऊन झाली की वायर काढून ती बाजूला ठेवावी.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते प्रत तपासण्याकडे. दोन-तीन महिन्यांनी दुसऱ्याच एखाद्या संगणकावर ती डिस्क लावून चार फोटो आणि एखादी फाइल प्रत्यक्ष उघडून पाहावी. डिस्कला पासवर्ड असेल तर तो आणि तिची रिकव्हरी की (पासवर्ड विसरल्यास डिस्क उघडून देणारा संकेतांक) कागदावर लिहून घरातील आणखी एका व्यक्तीला ठाऊक करून द्यावी, कारण कुलूपबंद डिस्क पुढच्या पिढीला उघडता आली नाही तर ती असून नसल्यासारखीच.

३१ मार्च हा दिवस जगभर बॅकअप दिन म्हणून पाळला जातो. त्या सुमारास आपल्या पत्राने ही माहिती सोप्या मराठीत सविस्तर छापावी, अशी विनंती आहे. शहरातील मराठी मंडळे आणि ग्रंथालये यांनीही एखाद्या रविवारी संगणक जाणणारी दोन मुले बसवून ज्येष्ठांना पहिली प्रत करून द्यावी. पावसाळ्यापूर्वी हे झाले तर उत्तम.

आपला,
एक वाचक, बडोदे