लाल दाराचं घर माझं नव्हे

डब्लिन

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

आई, मेरियन स्क्वेअरमधला तो लाल दाराचा फोटो तू शेजारच्या काकूंना ‘मुलीचं घर’ म्हणून दाखवून आलीस, हे दादाकडून कळलं. अगं, ते माझं ऑफिस! आणि मी बसते तळघरात. खिडकीतून रस्त्यावरच्या लोकांचे नुसते बूट दिसतात.

चौक मात्र देखणा आहे, 1762 पासून बांधत आणलेला. विटांची चार-चार मजली घरं, एकाला एक चिकटून. पहिल्या मजल्यावरच्या खिडक्या माणसापेक्षा उंच, कारण दिवाणखाना तिथे. वर जाऊ तशा त्या लहान होत जातात. खाली तळघरात स्वयंपाकघर, म्हणजे माझ्या टेबलाच्या जागी कोणे एके काळी चूल असणार. फुटपाथवर ताटाएवढी गोल लोखंडी झाकणं आहेत. त्यातून कोळसा थेट रस्त्याखालच्या कोठीत ओतायचे, घरात काजळी नको म्हणून. दाराशी बुटाचा चिखल खरवडायची लोखंडी पट्टी अजून आहे. परवा पावसात मीच वापरली. राहतं मात्र इथे जवळजवळ कुणी नाही. सगळीकडे ऑफिसं आणि पितळी पाट्या.

बाबा, आता तुमच्यासाठी. चौकाच्या कोपऱ्यापासून दोन पावलांवर 24 नंबरचं मॉर्निंग्टन हाउस आहे. आसईच्या लढाईतला तो वेलस्ली तिथे जन्मला असं मानतात. 1803 साली आपल्या जालना जिल्ह्यात येऊन शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवून गेला तोच. आता तिथे हॉटेल आहे. चहा महाग असेल, पण तुम्हाला तिथे बसवून आसईची गोष्ट तुमच्याकडून ऐकायचीच आहे.

दुसरं म्हणजे रेल्वे. चौकापासून पाच मिनिटांवर पिअर्स स्टेशन. आयर्लंडची पहिली गाडी 1834 मध्ये इथूनच सुटली, आपल्या बोरीबंदर-ठाण्याच्या 19 वर्षं आधी! ती जायची किंग्जटाउनला, म्हणजे आजच्या डन लिअरीला, आणि मी राहते तिथेच. डार्ट लोकल समुद्राला खेटून जाते. डाव्या बाजूला बसायचं. येताना मात्र विमानतळाहून बसनं यावं लागेल, तिथे रेल्वेच नाही. सामान कमी आणा. लिफ्ट नसलेल्या घराच्या दुसऱ्या मजल्यावर पोती चढवताना मागच्या वेळी माझी पाठ धरली होती.

आई, गोडा मसाला पाव किलोच. जूनमध्ये या, रात्री दहापर्यंत उजेड असतो. बाबा, गुडघ्याचा पट्टा विसरू नका. आणि काकूंना लाल दाराचं खरं काय ते तूच सांग, मी नाही सांगणार.

तुमची,
ताई